टेकडीवरील लोकवन: स्वयंसेवकांच्या वर्षभराच्या कामाचा क्रम

पुणे, सातारा, अहिल्यानगर, नाशिक या पट्ट्यातील मुरमाड टेकड्यांवर दर पावसाळ्यात स्वयंसेवकांचे गट रोपे लावतात आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी वाळलेल्या काड्या उभ्या दिसतात. कळकळीची उणीव क्वचितच असते. चुकतो तो कामाचा क्रम. रोपांची संख्या आधी जाहीर होते, खड्डे घाईने घेतले जातात, पर्यावरण दिन म्हणून ५ जूनला कोरड्या मातीत लागवड होते आणि पाण्याचा विचार फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा हातात काहीच उरलेले नसते.

पुढील क्रम साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, उथळ मातीच्या टेकड्यांसाठी आहे; कोकणात आणि घाटमाथ्यावर वेळापत्रक आणि झाडांची निवड दोन्ही बदलतात. सगळे काम एका नियमावर उभे आहे: येत्या एप्रिलमध्ये जितक्या रोपांना नेमाने पाणी घालता येईल, तितकीच रोपे यंदाच्या जुलैत लावावीत.

## १. जागा, परवानगी आणि पाण्याचा हिशोब (जानेवारी–फेब्रुवारी)

जमीन वन विभागाची आहे, महापालिकेची आहे, गावाचे गायरान आहे की खाजगी, हे प्रथम नक्की करावे आणि लेखी परवानगी घ्यावी. परवानगीच्या पत्रात केवळ ‘वृक्षारोपण’ न लिहिता चर खोदणे, गवत कापणे, टणटणी (घाणेरी हे परकीय झुडूप) काढणे आणि पाण्याची टाकी ठेवणे या कामांचा वेगवेगळा उल्लेख करून घ्यावा, कारण पुढे अडचण येते ती याच कामांच्या वेळी. शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतंत्र परवानगी लागते आणि परदेशी झाडांनाही तो नियम लागू होतो, हे अनेक गटांच्या गावीही नसते.

त्यानंतर संपूर्ण जागा पायी फिरावी. हिवाळ्याच्या अखेरीस गवत पिवळे पडलेले असते, त्यामुळे जमिनीचा उंचसखलपणा आणि आधीपासून असलेली लहान झाडे स्पष्ट दिसतात. जागेचे तीन भाग करावेत.

पहिला भाग म्हणजे माथ्यावरचे खडकाळ सडे आणि नैसर्गिक गवताळ माळ. येथे काहीही लावू नये. दख्खनच्या माळावरचे गवत म्हणजे उजाड झालेले जंगल असा समज सर्रास आढळतो, पण त्या गवतावर जगणारे पक्षी, कीटक आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती झाडांच्या सावलीत टिकत नाहीत. दुसरा भाग म्हणजे जेथे पळस, बोर, खैर, हिवर यांचे जुने खुंट दरवर्षी फुटतात आणि चराई किंवा आगीमुळे गुडघ्याच्या वर जात नाहीत तो उतार. येथे नवे रोप लावण्यापेक्षा ते फुटवे राखणे कितीतरी फलदायी असते, कारण त्यांच्या मुळ्या आधीच खोल गेलेल्या असतात आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी लागत नाही. अशा प्रत्येक खुंटाभोवती चार दगडांची खूण करावी. तिसरा भाग म्हणजे घळीच्या कडा, मातीचे खिसे आणि उताराचा पायथा. लागवडीची खरी जागा हीच.

आता पाण्याचा हिशोब. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला सुमारे १० लिटर पाणी द्यावे लागते. एक स्वयंसेवक ५ लिटरचे दोन कॅन घेऊन चढत असेल आणि सकाळी दोन फेऱ्या करत असेल, तर तो दोन रोपे जगवतो. वीस माणसे दर रविवारी न चुकता आली तर चाळीस रोपे जगतात. परीक्षा, लग्नसराई आणि सुट्ट्या लक्षात घेतल्यास एप्रिलमध्ये वीसपैकी बाराच येतात, म्हणजे हिशोब चोवीस रोपांचा धरावा. माथ्यावर टाकी बसवून टँकरने किंवा पंपाने पाणी चढवता आले तर हा आकडा अनेक पटींनी वाढतो, परंतु ती टाकी प्रत्यक्ष बसेपर्यंत वाढीव आकडा कागदावर घेऊ नये.

तपासा: एप्रिल आणि मे महिन्यांतील प्रत्येक रविवारी कोण येणार, याची नावानिशी यादी आजच तयार होते का? होत नसेल तर रोपांची संख्या निम्मी करावी.

## २. रोपांची निवड आणि मागणी (फेब्रुवारी–मार्च)

वन विभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या किंवा खाजगी रोपवाटिकेत मार्चपूर्वी मागणी नोंदवावी. जूनमध्ये गेल्यास जे उरलेले असते तेच घ्यावे लागते, आणि उरते ते बहुधा गुलमोहर किंवा काशिद.

उघड्या उतारासाठी खैर, हिवर, बोर, पळस, सालई, मोई, काटेसावर, बहावा आणि आपटा ही झाडे योग्य ठरतात. घळीच्या कडेला, जेथे ओल टिकते, तेथे करंज, उंबर आणि कळंब लावावेत. अर्जुन हे ओढ्याकाठचे झाड आहे. त्याला कोरड्या उतारावर लावून वर्षानुवर्षे टँकरने जगवणे म्हणजे इतर दहा रोपांचे पाणी तोडणे होय. झाडांबरोबर निरगुडी, हेंकळ, पांढरफळी अशी झुडपेही घ्यावीत. केवळ उंच झाडांच्या रांगांनी वन होत नाही आणि पक्ष्यांना आसरा मिळतो तो झुडपांतच.

रोप दीड ते दोन वर्षांचे, दोन ते तीन फूट उंच आणि जाड बुंध्याचे असावे. उंच रोप पाहून मन भुलते, पण टेकडीवरच्या वाऱ्यात तेच आधी मोडते. पिशवी हातात धरून तळ पाहावा: मुळ्या बाहेर येऊन गोल फिरलेल्या असतील तर ते रोप नाकारावे.

दाट लागवडीच्या मियावाकी पद्धतीबद्दल वारंवार विचारणा होते. ती पद्धत भरपूर खत, खोल तयार केलेली माती आणि दोन-तीन वर्षे सलग पाणी गृहीत धरते. यांपैकी काहीही नसलेल्या टेकडीवर तिचा आग्रह धरू नये.

## ३. समतल चर आणि खड्डे (मार्च–मे)

या टप्प्यातील क्रम उलटा होता कामा नये: आधी चर, मग खड्डे. वरून वाहणारे पाणी अडवल्याशिवाय खड्डे खणले तर पहिल्याच जोरदार सरीत त्यांतील भुसभुशीत माती खाली वाहून जाते.

समतल रेषा, म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा, डोळ्यांनी आखू नये. दोन सारख्या लांबीच्या काठ्या, मधली आडवी पट्टी आणि ओळंबा यांची ए-आकाराची चौकट करावी, ओळंब्याची दोरी पट्टीच्या मध्यखुणेवर येईपर्यंत एक पाय सरकवावा आणि प्रत्येक पायापाशी फक्कीची खूण करत पुढे जावे. चर या खुणांवरूनच खोदावा आणि निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला रचावी. वरच्या बाजूला रचलेली माती पावसात पुन्हा चरातच येऊन बसते. चराचा तळ थोडा जरी एका बाजूला कलला तरी सगळे पाणी त्या टोकाला धावते आणि तेथून नवी घळ पडते, म्हणून दर दोन-तीन मीटरवर थोडी माती न खोदता आड म्हणून सोडावी. लहान घळींत अनगड दगडांचे बांध घालावेत. त्यांसाठी माथ्यावरचे, मातीत रुतलेले दगड उपटू नयेत.

खड्डा किमान ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असावा. मुरूम कठीण असेल तर ६० सेंटिमीटर. मुरमाड जमिनीत जागा सोडून दुसरीकडे खणण्याचा मोह होतो, परंतु पहारीने मुरूम फोडून तडे पाडणे हेच त्या रोपाच्या पुढच्या दहा वर्षांचे काम असते. वरची काळसर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवावा. खड्डे एप्रिल-मेच्या उन्हात तीन-चार आठवडे उघडे तापू द्यावेत, म्हणजे त्यांतील किडी आणि बुरशी बऱ्याच अंशी मरतात. मेअखेरीस वरची माती, दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरावे. भरण जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावे, कारण ते पावसात खचते. ताजे शेण मुळीच वापरू नये. त्याने मुळ्या जळतात आणि हुमणीही येते.

खड्ड्यांमध्ये तीन ते चार मीटर अंतर ठेवावे, पण त्यांच्या सरळ रांगा करू नयेत. जेथे माती आहे तेथेच खड्डा घ्यावा.

सावधान: दगड उचलण्यापूर्वी तो पहारीने हलवून पाहावा. टेकड्यांवरील दगडांखाली फुरसे आणि विंचू असतात आणि बोटे आत घालून दगड उचलताना दंश होतो. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, वर आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष लस असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि १०८ वर दूरध्वनी करावा. ही लस सर्वांत जवळ कोठे मिळते, ते काम सुरू होण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

## ४. लागवड (जूनअखेर–जुलै)

मृगाच्या पहिल्या सरीवर लागवड करू नये. ती सर वरची चार बोटे माती भिजवते आणि त्यानंतर बरेचदा आठ-पंधरा दिवसांचा खंड पडतो. आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे साधारण २१ जून ते २० जुलै या काळात, पाऊस लागून राहिला की काम सुरू करावे. कार्यक्रमाची तारीख आधी ठरली असेल आणि माती कोरडी असेल तर त्या दिवशी आळी (रोपापाशी पाणी अडवणारे मातीचे बांध) आणि कुंपणे करावीत. लागवड पुढे ढकलावी.

तपासा: भरलेल्या खड्ड्यात हात कोपरापर्यंत घालावा. तळाची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा टिकला पाहिजे. तो फुटत असेल तर थांबावे.

रोपे डोंगरावर नेताना बुंध्याला धरून उचलू नयेत, पिशवीखाली हात द्यावा. प्लॅस्टिकची पिशवी पात्याने उभी कापून पूर्ण काढावी. ‘तळाला भोके पाडली की पुरे’ हा सल्ला चुकीचा आहे. आमच्या गटाच्या सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्षी मेलेली काही झाडे आम्ही उपटून पाहिली, तेव्हा त्यांच्या मुळ्यांना अजूनही पिशवीचाच आकार होता. मातीचा गोळा अखंड ठेवावा, गोल फिरलेली मुळी दिसल्यास ती कात्रीने कापावी आणि रोपाचा गळा, म्हणजे खोड व मूळ यांचा सांधा, बरोबर जमिनीच्या पातळीवर येईल असे रोप बसवावे. गळा मातीखाली गेला तर खोड कुजते. वर राहिला तर मुळ्या सुकतात. चारी बाजूंनी माती हातांनी दाबून आतली पोकळी काढावी. आधाराची काठी मातीच्या गोळ्यात न खुपसता त्याच्या बाहेर रोवावी आणि सुती चिंधीने सैल बांधावी.

उतारावर गोल आळे निरुपयोगी ठरते. खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालून वरची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे वाहते पाणी रोपापाशी थबकते. शेवटी बोर किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. जवळपास गुरे चारणारी माणसे असतील तर लागवडीपूर्वीच त्यांच्याशी बोलावे; कोठे चारायचे नाही हे सांगताना कोठे चारायला हरकत नाही हेही सांगावे. या बोलण्याइतके भक्कम कुंपण दुसरे नाही.

त्याच संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजाव्यात. पिशव्यांची आणि लावलेल्या रोपांची संख्या जुळलीच पाहिजे.

## ५. गवत, आळी आणि परकीय झुडपे (ऑगस्ट–सप्टेंबर)

लागवडीनंतर सहा आठवड्यांत गवत रोपाच्या डोक्यावरून जाते. रोपाभोवतीचे दोन फुटांच्या त्रिज्येतील गवतच खुरप्याने मुळासकट काढावे. सबंध उतार साफ केल्यास माती वाहते. विळ्याने गवत कापताना रोपाचा शेंडा कापला जाणे ही नव्या स्वयंसेवकांची सर्वांत सामान्य चूक आहे, म्हणून आधी रोप हाताने शोधावे आणि मगच विळा चालवावा.

टणटणी काढण्याची वेळही हीच, कारण माती ओली असते. वरून छाटलेली टणटणी दुपटीने फुटते. तिच्या बुंध्याशी माती दूर करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर कुदळीने तोडावे आणि झुडूप उलटे करून, मुळे वर राहतील असे, तेथेच ठेवावे. फळे लागलेल्या फांद्या फरफटत नेऊ नयेत. त्यांचे बी वाटभर सांडते. झुडपात घरटे असेल तर ते झुडूप पिल्ले उडेपर्यंत राखावे. गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. त्वचेचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना हे काम देऊ नये.

पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणात लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाबाबत मात्र घाई नको. ते एकदम काढले तर उतार उघडा पडतो आणि तोडलेला बुंधा जोमाने फुटतो. परवानगी घेऊन दरवर्षी थोडी विरळणी करावी, उरलेल्यांच्या अर्धवट सावलीत देशी रोपे वाढवावीत आणि तोडलेल्या बुंध्यांचे फुटवे वर्षातून तीन-चार वेळा काढत राहावेत.

## ६. मोजणी (ऑक्टोबर)

हस्ताचा पाऊस सरल्यावर प्रत्येक रोप मोजावे. वहीत खड्ड्याचा क्रमांक, झाडाचे नाव, उंची आणि स्थिती लिहावी. क्रमांकाची पट्टी आधाराच्या काठीला बांधावी. खोडाला तार गुंडाळू नये, खिळा ठोकू नये. मेलेल्या रोपांच्या जागी या महिन्यात नवी रोपे लावू नयेत. त्यांना मुळे धरण्याइतकी ओल उरलेली नसते.

## ७. आच्छादन आणि जाळरेषा (ऑक्टोबरअखेर–डिसेंबर)

शेतात वाळलेल्या गवताचे आच्छादन उत्तम असते, हे खरे. टेकडीवर तेच आच्छादन वणव्याला थेट बुंध्यापर्यंत आणते आणि त्याखाली वाळवीही लागते. येथे दगडांचे आच्छादन करावे. तळहाताएवढे चपटे दगड रोपाभोवती, खोडापासून चार बोटे सोडून, एका थरात मांडावेत.

जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत पूर्ण काढून उघडी केलेली पट्टी. गवताचे बी पडून गेल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून काम सुरू करावे आणि डिसेंबरअखेर संपवावे. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो, पण सुट्ट्यांच्या दिवसांत टेकडीवर येणारी माणसे आणि त्यांच्या विड्या-सिगारेटी त्या तारखेची वाट पाहत नाहीत.

पट्टी कमीत कमी ३ मीटर रुंद असावी. उंच गवताच्या उतारावर ६ मीटर. आग चढावर वेगाने धावते, म्हणून मनुष्यबळ कमी असेल तर लागवडीच्या खालच्या अंगाची जाळरेषा आधी पूर्ण करावी, मग पायवाटा व रस्त्यांच्या कडा आणि सर्वांत शेवटी माथा. गवत विळ्याने कापून थांबू नये. उरलेले बुडखेही फावड्याने खरवडून माती उघडी करावी. कापलेले गवत पट्टीच्या आतल्या बाजूला रचून ठेवणे ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ते जळाऊ ढीग लागवडीच्या उंबरठ्यावर राहतात. गवत जनावरे पाळणाऱ्यांना मोफत न्यायला सांगावे. टेकडी सुरक्षित होते आणि त्यांचे मनही आपल्याकडे वळते.

सावधान: गवत जाळून जाळरेषा तयार करण्याचे काम स्वयंसेवकांनी कधीही करू नये. ते केवळ वन विभागाचे प्रशिक्षित कर्मचारीच करतात.

तपासा: जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये पट्टीवरून चालत जावे. वाऱ्याने पालापाचोळा साचून पट्टीवर पूल तयार झालेले असतात. ते झाडून काढावेत.

## ८. उन्हाळी पाणी (नोव्हेंबर–जून)

नोव्हेंबर ते जानेवारी पंधरा दिवसांनी आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर सात-आठ दिवसांनी पाणी द्यावे. तीन वेळा दोन-दोन लिटर देण्यापेक्षा एकदाच दहा लिटर द्यावे. थोड्या पाण्याने मुळ्या वरच्यावर राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात तेथेच भाजतात. उतारावर पाणी ओतले की वाहते, म्हणून निम्मे ओतून पुढच्या रोपाकडे जावे आणि ते जिरल्यावर परत येऊन उरलेले ओतावे. भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या लटकवू नयेत. त्या वर्षभरात कचरा होऊन उतारावर पसरतात.

पाणी देणाऱ्यांच्या पाळ्या लिहून लावाव्यात आणि प्रत्येक पट्ट्याची जबाबदारी दोघांवर सोपवावी, म्हणजे एक गावाला गेला तरी पट्टा कोरडा राहत नाही.

फेब्रुवारी ते मे या काळात पळस, सालई, काटेसावर, मोई ही झाडे पाने टाकतात. निष्पर्ण रोप मेले असे समजून त्याचे पाणी बंद केले जाते किंवा ते उपटले जाते, आणि हे पाहताना फार वाईट वाटते. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. शेंडा पूर्ण वाळला असला तरी मूळ जिवंत असू शकते. पळस आणि खैर जमिनीतून पुन्हा फुटतात, त्यामुळे कोणतेही रोप ऑगस्टपूर्वी उपटू नये.

## ९. वणवा लागल्यास

धूर दिसताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, तसेच अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. टेकडीची जागा, जवळची वाट आणि आग कोणत्या बाजूला सरकते आहे, हे सांगावे. टेकडीवरील माणसांना खाली आणणे हे पहिले काम; रोपे त्यानंतर.

प्रशिक्षण न घेतलेल्यांनी आगीजवळ जाऊ नये. प्रशिक्षित स्वयंसेवकांनीही कृत्रिम धाग्याचे कपडे घालून जाऊ नये, आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नये, एकट्याने काम करू नये आणि नेहमी जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर उभे राहून, हिरव्या फांद्यांनी आगीची कड दाबत पुढे जावे. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या असतील तर मागे फिरून जाळरेषेवर उभे राहावे. आग विझल्यावर किमान दोन तास पहारा ठेवावा, कारण वाळलेल्या खोडांत आणि वाळक्या शेणात निखारे धुमसत राहतात.

## १०. दुसरे आणि तिसरे वर्ष

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवसांनी एकदा द्यावे, तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, आणि त्यानंतर बंद करावे. मोजणी, गवत काढणे आणि जाळरेषा ही कामे मात्र तिन्ही वर्षे पूर्ण प्रमाणात करावीत. याचा अर्थ असा की दुसऱ्या वर्षी नवी लागवड करताना, पाण्याच्या हिशोबातून आधीच्या रोपांचा वाटा प्रथम वजा करावा लागतो: आठवड्याला २४० लिटर वाहून नेणाऱ्या गटाचे जुन्या २४ रोपांवर आठवड्याला सरासरी १२० लिटर खर्च होतील, म्हणजे नवी रोपे १२ च लावता येतील.

मोजणीच्या वहीत पहिल्या वर्षी जी जात सर्वाधिक मेली, ती दुसऱ्या वर्षी त्याच उतारावर पुन्हा लावू नये. जी पाणी कमी पडूनही जगली, तिचे बी त्याच टेकडीवरच्या जुन्या झाडांखालून उन्हाळ्यात गोळा करावे. पळसाचे बी पावसाच्या तोंडावर थेट मातीत टोकता येते. बहाव्याचे बी कठीण असते. ते दगडावर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मगच पेरावे. निंबोळी मात्र साठवून ठेवता येत नाही. तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, म्हणून ती वेचल्याबरोबर गर धुऊन पेरावी.